विचाराधीन

सिस्टर बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा सोसायटीची मीटिंग संपत आली होती. मागच्या खुर्च्यांवरची माणसं पायाने चपला चाचपत होती.

"मीटरच्या खोलीशेजारी मला एक चार्जिंग पॉइंट हवाय," त्या म्हणाल्या. "स्कूटरसाठी. मीटर वेगळा घेईन, बिलही माझं मी भरीन. कुणाला तोशीस नाही."

त्या चौथ्या मजल्यावर आईबरोबर राहत आणि घरोघरी जाऊन रुग्णांची ड्रेसिंग करत. इमारतीत अर्ध्या लोकांनी कधी ना कधी त्यांच्याकडून इंजेक्शन टोचून घेतलेलं होतं. पण त्यांनी इलेक्ट्रिक स्कूटर आणल्यापासून लोक तिच्या बाजूला गाडी लावत नसत.

"आणि पेटली म्हणजे?" मागून कुणीतरी म्हणालं. "सिस्टर असतील ड्यूटीवर, आणि आम्ही अंथरुणात."

हशा पिकला. सिस्टरही हसल्या. मागणाऱ्याला हसावंच लागतं.

अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले, नाकासमोर चालणारे गृहस्थ. ते पहिल्या रांगेकडे वळले. "साहेब, तुम्ही परिवहन खात्यात आहात. आम्हाला परवानगी द्यावीच लागते, असा काही नियम आहे का? असेल तर प्रश्नच मिटला."

नियम होता. गेल्याच आठवड्यात निघाला होता, आणि त्याची ओळन्ओळ साहेबांनी लिहिली होती. वरिष्ठांना 'शक्यतो नाकारू नये' एवढंच हवं होतं. साहेब हट्टाला पेटले, 'शक्यतो' खोडलं आणि 'नाकारता येणार नाही' असं करून घेतलं. खात्यात त्यांची पाठ थोपटली गेली. त्या दिवशी ते घरी जरा ताठ मानेनेच आले होते.

शेजारी बसलेल्या बायकोचं कोपर त्यांच्या बरगडीला लागलं. "आपली झोपायची खोली बरोबर त्याच्या डोक्यावर आहे," ती पुटपुटली.

साहेबांनी घसा खाकरला.

"विषय विचाराधीन आहे," ते म्हणाले. "अजून ठोस असं काही नाही."

वाक्य इतकं सहज निघालं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

"मग तूर्त राहू द्या," अध्यक्ष म्हणाले. "नियम आला की बघू. आणि सिस्टर, बॅटरी तेवढी लिफ्टमधून नेऊ नका. लोक घाबरतात."

"बरं," म्हणून सिस्टर खाली बसल्या.

घरी आल्यावर बायको खुशीत होती. "छान निभावलंत. कामही झालं आणि वाईटपणाही आला नाही." साहेबांनी वर्तमानपत्र उघडलं. एकच बातमी ते पुन्हा पुन्हा वाचत राहिले, पण डोक्यात काही शिरेना.

बाहेर काहीतरी धप्पकन टेकल्याचा आवाज आला. त्यांनी दार उघडलं. सिस्टर जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या. शेजारी बॅटरी, आणि तिच्या कडीने लाल झालेला तळवा त्या दुसऱ्या हाताने चोळत होत्या.

"जरा टेकले," त्या घाईने उठत म्हणाल्या. "निघालेच."

"द्या इकडे."

"अहो, नको. जड आहे ती."

साहेबांनी ती उचलली. मजले चढता चढता त्यांचा खांदा निखळायला आला. सिस्टर मागून म्हणत होत्या, जरा थांबा, दम घ्या. ते थांबले नाहीत. थांबलं तर सिस्टरकडे वळून बघावं लागलं असतं.

घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. दाराला लागूनच खाट, आणि खाटेवर सिस्टरची आई. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिचं उठणं बंद होतं. बॅटरीची वायर उशाच्या मागून आली होती.

"इथेच लावता?" साहेबांनी विचारलं.

"दुसरीकडे वायर पोचत नाही. आईला सांगून ठेवलंय, मी नसताना वास आला तर शेजारच्यांना हाक मार." सिस्टरनी ओढणीने कपाळ टिपलं. "टेकवा तिथेच. मी पाणी आणते."

झोपायच्या जागेजवळ बॅटरी चार्ज करू नये, अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तिथे तर मुळीच नाही, हेही साहेबांनीच लिहिलं होतं. लिहिताना डोळ्यांपुढे कुणी नव्हतं. आता खाटेवरून दोन शांत डोळे त्यांच्याकडे बघत होते.

"साहेब ना तुम्ही?" आई म्हणाली. "सकाळपासून हिचं तेच चाललं होतं. मीटिंगला साहेब आहेत, काम होईल."

साहेबांच्या ओठांशी शब्द आले. "आजी, खरं म्हणजे..."

"मनाला लावून घेऊ नका हो," म्हातारीने त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. "मीटिंगहून आल्या आल्या हिने सांगितलं. नियमच नाही म्हटल्यावर तुम्ही तरी काय करणार?"

तिने उशीसकट डोकं कसंबसं भिंतीकडे सरकवलं आणि त्यांना जागा करून दिली. साहेब गुडघ्यांवर बसले, खाटेखाली वाकले आणि वायर बॅटरीत खोचली.

"लागला का दिवा?" वरून तिने विचारलं.

"लागला," साहेब म्हणाले.

आतून पेला धुतल्याचा आवाज आला. सिस्टर पाणी घेऊन आल्या, तरी ते खाटेखाली वाकलेलेच होते.