दुसरा उत्तर देईपर्यंत

कंपनीत दोन सर्व्हर होते. एक कोलमडला की दुसऱ्याने काम उचलायचं. सुरू होताना दोघांनी काय करायचं, त्याच्या कमांड फाइली इंजिनिअरसाहेबांनी स्वतः लिहिल्या होत्या. "आता आकाश कोसळलं तरी काम थांबत नाही," अशा बढाया ते कॅन्टीनमध्ये मारत सुटले होते.

आज इमारतीची वीज गेली, परत आली, पण दोन्ही सर्व्हर ढिम्म. बघतात तर दोघांच्याही फाइलीत साहेबांची तीच ओळ: दुसरा उत्तर देईपर्यंत थांब.

"दोघंही मिठाची गुळणी धरून बसलेत! ही अक्कल कुणाची?" मॅनेजरबाई कडाडल्या.

साहेबांनी मुकाट्याने ओळ बदलली: थोडा वेळ वाट बघ, उत्तर नाही आलं तर आपणहून सुरुवात कर. दोन्ही सर्व्हर थोड्याच वेळात कामाला लागले.

"एवढंच तर करायचं होतं!" बाई म्हणाल्या.

"हो ना, साधी गोष्ट आहे," साहेब म्हणाले.



संध्याकाळी घरी जाऊन ते सोफ्याच्या आपल्या टोकाला तोंड फुगवून बसले. सोमवारपासूनचा अबोला मोडायचा, तर आधी बायकोनेच.