नऊनं भाग

रोजचे तीन चहा, मलाई मारके, साखर जादा आणि फुकट: निवृत्त गणित मास्तर प्रभुलिंग मन्नाएखेळ्ळी गावच्या हायवेवर एवढं हमखास कमवायचे.

हॉटेलात टेकलेल्या परक्या ड्रायव्हरपुढे ते कागद सरकवायचे. "अण्णा, एक ते नऊ आकडे कसेबी मांडा, पण हरेक एकदाच. त्या संख्येला नऊनं भागून बाकी शून्य आली तर चहा तुमी पाजा, न्हाई आली तर मी." आकडे कसेही फिरवा, बेरीज पंचेचाळीसच होते, म्हणून भाग जाणारच. हे ड्रायव्हरला हुमनाबाद आलं तरी कळायचं नाही.

एकदा घरी बायको रत्नम्मा म्हणाली, "अहो, माझ्याशी लावा की पैज. तुमच्या शुगरच्या रिपोर्टात जो आकडा असंल, त्याला नऊनं भाग गेला तर आजपासून चहा बिनसाखरेचा. न्हाई गेला तर जन्मात टोकणार न्हाई."

मास्तरांनी मनात मांडणी केली. नऊपैकी आठ वेळा जीत आपलीच!

"लावली!"

रत्नम्मानं भाजीच्या पिशवीतून घडी केलेला कागद काढून पुढं धरला. चारशे पाच. मास्तरांचे ओठ सवयीनं हलले: चार, शून्य, पाच... नऊ.

"रत्ना, हा कागद तुझ्याजवळ कवापासून हाय?"

 

"कालपासून. उत्तर ठाऊक असल्याबिगर पैज लावायची न्हाई, हे तुमच्याकडूनच शिकले की."