दहा मिनिटांत येते

पाचवी उमेदवार खोलीत शिरली आणि दारातच तिच्या हातून फाइल निसटली. कागद गोळा करण्यातच तिची तीन मिनिटं गेली. मागच्या परीक्षेत ती नापास झाली होती. या वेळीही झाली, तर समाजसेविका होण्याचं कायमचं विसरावं लागणार होतं.

समोर खुर्चीवर एकोणीस वर्षांची मुलगी बसली होती. ती बालगृहात वाढलेली. भावी समाजसेवकांची परीक्षा अशा मुलांनीच घ्यावी, असं कॉलेजनं यंदा ठरवलं होतं. प्रसंगही तिनंच लिहिला होता. आठ वर्षांच्या मुलीला बालगृहात पहिल्यांदा सोडायचं, आणि 'फोन करून दहा मिनिटांत येते' असं सांगून बाहेर पडायचं. आठ वर्षांची मुलगी तीच झाली होती आणि गुणही तीच देणार होती.

आधीच्या चौघांनी मैदान मारलं होतं. शब्द मऊ, आवाज मऊ. एकीनं तर डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. पाचवीची मात्र बोबडीच वळली.

"ताई, आई कधी येईल?" मुलीनं विचारलं.

"मला... मला नाही माहीत गं."

कोपऱ्यात बसलेल्या सरांनी कपाळाला हात लावला. "फोन करून दहा मिनिटांत येते," एवढं पुटपुटून पाचवी निघून गेली.

"चला, सुटलो!" सरांनी गुणपत्रक उचललं. ते कोरं होतं. "अगं, एकालाही गुण नाहीत?"

"अजून कोणी परत आलं नाही, सर."

सर हसले. "परीक्षा संपली, बाई! चौघं केव्हाची कँटीनमध्ये चहा पीत बसलीत."

"या खुर्चीतल्या मुलीला तसं कुणी सांगितलं नाही."

सरांचं हसू मावळलं. ते घड्याळाकडे बघत उभे राहिले.

दार किलकिलं झालं. पाचवी आत डोकावली. खांद्याला पर्स, रडून नाक लाल.

"नापास झाले, ते कळलंय मला," ती म्हणाली. "पण दहा मिनिटांत येते म्हणाले होते ना. बारा झाली. चुकलंच माझं."

मुलीनं तिच्या नावापुढे पैकीच्या पैकी गुण लिहिले आणि सकाळपासून पहिल्यांदा ती खुर्चीवरून उठली.

"चालेल, ताई," ती म्हणाली. "मी अकरा वर्षं थांबलेय."