निवायला पंधरा मिनिटं

वास पहिल्यांदा नवऱ्यामुलालाच आला. अत्तरं, फुलं, भाज्यांच्या वाफा, या सगळ्यांतून वाट काढत आलेला कोरड्या तापल्या पत्र्याचा वास. नवरीशेजारी बसून फोटोसाठी हसता हसता त्याचं नाक हललं आणि हसू जागच्या जागी थिजलं.

हॉलच्या पार त्या टोकाला जेवण गरम ठेवायचा स्टीलचा मोठा वॉर्मर होता. वर भात-भाज्यांची चार भांडी, खाली टाकीत तापणारं पाणी. गेली नऊ वर्षं रोज त्याला घासूनपुसून लखलखीत ठेवणारा माणूस आज कोट घालून स्टेजवर बसला होता. त्याचे कामावरचे सोबतीही आज पाहुणे, ताटावर बसलेले. टाकीतलं पाणी संपलं, हे बघणार कोण?

आणि त्याला तर उठायचीही सोय नव्हती. नवरीच्या मामांनी झाडून सगळ्या नात्यात सांगून ठेवलं होतं, मुलगा या हॉलचा मॅनेजर आहे म्हणून. त्यातही थोरल्या आत्याला दोनदा. आत्यानं नाक मुरडलं की अख्खं नातं नाक मुरडायचं. "आज स्वयंपाकघराकडे फिरकायचंसुद्धा नाही, जावईबापू," मामांनी सकाळीच बजावलं होतं, "माझ्या अब्रूचा प्रश्न आहे." तो बिचारा "बरं" म्हणून बसला. त्या "बरं"पासून हे खोटं न पटलेल्या नवरीनं गाल फुगवले होते, ते फोटोतही तसेच येत होते.

तेवढ्यात मामांनाच टाकी कोरडी दिसली. मामा पडले उत्साही. त्यांनी एक भांडं बाजूला सरकवलं, प्यायच्या थंडगार पाण्याचा जग उचलला आणि टाकीवर तिरका केला.

"मामा! ओतू नका!"

हॉलमध्ये जो तो घास हातात धरून बघत राहिला. नवरामुलगा स्टेजवरून उडी मारून आला, मामांच्या हातातून जग काढून घेतला, बटण बंद केलं, प्लग ओढला. जाड फडकं घेऊन चारही भांडी उचलली आणि आत शेगडीवर पाठवून दिली.

"टाकी कोरडी तापलीय, मामा. थंड पाणी पडलं असतं तर वाफ सरळ तुमच्या तोंडावर आली असती. खालची कॉइल तडकली असती ती वेगळीच."

मामा एक पाऊल मागे सरले. मग आजूबाजूला बघत दातांतल्या दातांत म्हणाले, "कळलं, कळलं. आता जाऊन बसा बघू. असल्या कामाला माणसं असतात."

नवऱ्यामुलानं कोट काढून खुर्चीवर टाकला.

"तो माणूस मीच आहे, मामा."

झालं. बिंग फुटलं, आणि तेही भर पंगतीत.

"अहो, मग करा ना पटकन काहीतरी!" रांगेतून कोणीतरी भुकेला ओरडला.

"पंधरा मिनिटं," तो म्हणाला. "निवल्याशिवाय हात लावायचा नाही."

ती पंधरा मिनिटं त्यानं कशी काढली ते त्यालाच ठाऊक. बाह्या सारून, लाल कानांनी तो वॉर्मरपाशी उभा, आणि समोर रिकामी ताटं घेऊन सगळं सासर. थोरली आत्या रांगेतून पुढे आली.

"काय हो मामा, मुलगा काय करतो म्हणाला होतात?"

मामा वरचा पंखा न्याहाळायला लागले.

"हे करतो, आत्या." नवरी स्टेजवरून खाली आली होती, बांगड्या कोपरापर्यंत सारत. "आणि याच्याइतकं चांगलं करणारं कोणी मी तरी पाहिलेलं नाही." मग नवऱ्याकडे वळून, "सांग, मी काय करू?"

त्याला इतका आनंद झाला की पुढचं काम काय, तेच तो घटकाभर विसरला.

टाकी निवली. तळाला आटलेल्या पाण्याचा पांढरा थर बसला होता. नवरीनं लगेच तारेची घासणी उचलली.

"ती नको! ओरखडे पडतात, मग घाण त्यातच बसते. मऊ फडकं घे. आणि गोल गोल नाही, स्टीलच्या रेघा जातात तसं पुसायचं."

"लग्नाच्या दिवशीच ओरडायला लागलास?"

"ओरडत नाही गं, सांगतोय!"

रांग खदखदून हसली. व्हिनेगर आणि कोमट पाण्यानं तळाचा पांढरा थर सुटत आला. सोबती अर्ध्या ताटावरून उठून आले, कोणी धुवायला पाणी आणलं, कोणी कोरडं फडकं. टाकी धुतली, पुसली, खुणेपर्यंत गरम पाणी भरलं. त्यानं हात कोरडे केले आणि मगच प्लग लावला. थोड्या वेळानं कडेनं वाफ निघाली तशा टाळ्या पडल्या. सगळ्यांत मोठ्या टाळ्या मामांच्या.

भांडी परत जागेवर आली. रांगेत सगळ्यांत पुढे थोरली आत्या. हॉल कुठलाही असो, ताट आपल्या रुमालानं पुसल्याशिवाय ती जेवायला घेत नाही, हे नात्यात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. सवयीनं तिनं पर्समधून रुमाल काढला. टाकीकडे पाहिलं. नवऱ्यामुलाच्या ओल्या मनगटांकडे पाहिलं. मग रुमाल पर्समध्ये परत टाकला आणि ताट तसंच पुढे केलं.

"वाढा, जावईबापू."