डबा आणि टचडाऊन

चाळिशीतल्या रशीदाने मुलाचा, ओवैसचा, विसरलेला डबा काखोटीला मारला आणि उम्म अल हस्सम या आखाती वस्तीच्या गल्लीतून गाड्या चुकवत पळत स्कूलबस गाठली. समोर राहणाऱ्या कोचबाईने ते पाहिलं आणि तिला थेट आपल्या अमेरिकन फुटबॉल संघात रनिंग बॅक केलं. काम तेच, डब्याऐवजी चेंडू आणि बसऐवजी टचडाऊनची रेषा! फक्त रोज धावायचा सराव हवा.

"घरचं आवरून सराव कधी करू? टाइम मफी, वेळच नाही!" रशीदा म्हणाली.

त्यात ओवैस रोजच डबा विसरू लागला. त्याच्या नावाने बोटं मोडत ती रोज बसमागे पळायची.

शुक्रवारी फायनल झाली. सर्वाधिक टचडाऊनचा विक्रम रशीदाच्या नावावर लागला.

रविवारी तिथल्या शाळेचा आठवडा सुरू झाला आणि ओवैस डबा घेऊनच निघाला.

"आज बरा आठवला?"



"सीझन ओव्हर, अम्मी! प्रॅक्टिस खलास!"