इंचाला एक वर्ष

करवतीवर फणसाचा ओंडका चढवून हसनभाईंनी विचारलं, “फळ्या नेहमीसारख्या तीन इंचीच ना, मेस्त्री?”

मेस्त्री भिंतीला टेकून बसले. गावात पडलेल्या झाडांतून स्वतःच्या डिझाइनची टेबलं घडवण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. फळी इंचाला एक वर्ष वाळवायची, हा त्यांचा नियम. गिऱ्हाइकं वैतागून निघून गेली, तरी ओल्या लाकडाला त्यांनी कधी रंधा लावला नाही. पण आज खिशात हॉस्पिटलचा रिपोर्ट होता.

“एक इंची काढा,” ते म्हणाले. “तीन वर्षं कोणी बघितलीत?”

हसनभाईंनी करवत सुरू केली. मेस्त्रींनी दमून डोळे मिटले. उघडले तेव्हा समोर फळ्या रचलेल्या होत्या. सगळ्या तीन इंची.

“आता वाळेपर्यंत थांबायचं,” अंगावरचा भुसा झटकत हसनभाई म्हणाले. “नियम तुमचाच आहे.”