पडद्यावरची बाई

न्यायासाठी झगडणाऱ्या एका कलाकाराच्या तीस वर्षांच्या कामाचं प्रदर्शन संग्रहालयात आता उघडणार होतं. भिंतभर पडद्यावर त्यांची सर्वांत गाजलेली फिल्म चालू होती: जळत्या कारखान्यासमोर एक तरुणी आक्रोश करतेय आणि मागे व्हायोलिन वाजतंय. तेवढ्यात एक पन्नाशीची बाई त्यांच्याजवळ आली. “साहेब, पडद्यावरची ती मी. माझी धाकटी बहीण आत होती.” कलाकारांनी हात जोडले. “या फिल्ममुळे तुमचं दुःख जगाला कळलं.” “मी रडले, एवढंच कळलं. अहो, मी सांगत होते काहीतरी! त्यावर तुम्ही बाजा लावलात.” त्यांचा चेहरा उतरला. ती काय सांगत होती, हे त्यांना आठवेना. त्यांनी फिल्म बंद केली आणि उद्घाटनाचा माइक तिच्या हाती दिला. तिने घसा खाकरला. “दाराला बाहेरून कुलूप होतं,” ती म्हणाली.